विश्लेषण : नदीतले सोने, बुडालेले जहाज आणि रसेल यांची नोंद

नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेचणाऱ्या सोनझारी समाजाची नोंद आर. व्ही. रसेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केली. पुढे तेच रसेल भारताकडे परतताना भूमध्य समुद्रात जहाजासह बुडाले. त्या जहाजावरची रत्ने शोधण्यासाठी या शतकात समुद्रतळापर्यंत यंत्रे उतरली. रसेल यांनी मागे ठेवलेला ग्रंथ मात्र आजही विदर्भातल्या जात पडताळणीच्या फाइलींत आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत दिसतो. पाण्याखालचा धातू वर काढण्याचे तंत्र काय आहे, सक्शन ड्रेज कसा चालतो, सोनझारींचे कसब त्याहून वेगळे कसे आणि देवरीसारख्या आदिवासी तालुक्याला रसेल यांच्या नोंदीशी आजही कर्तव्य का आहे, याचा हा आढावा.

रसेल कोण होते?

रॉबर्ट व्हेन रसेल यांचा जन्म १८७३ चा. भारतीय सनदी सेवेत आल्यावर त्यांची नेमणूक तेव्हाच्या मध्य प्रांतात झाली. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. भंडारा, चांदा, वर्धा, बालाघाट, मंडला, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे त्यात येत. १९०१ च्या जनगणनेत मध्य प्रांताचे अधीक्षक म्हणून रसेल यांनी काम पाहिले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम अठ्ठावीस होते. एवढ्या वयात त्यांच्यापुढे शेकडो जाती-जमातींच्या नावांचा डोंगर उभा राहिला. एकाच समाजाला दहा गावांत दहा नावे आणि एकाच नावाखाली वेगवेगळे समाज, असा तो गुंता होता.

त्याच सुमारास भारत सरकारने सर्व प्रांतांत मानववंशशास्त्रीय पाहणी सुरू केली. जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा त्यात पुढाकार होता. प्रत्येक प्रांतात एका अधिकाऱ्याकडे हे काम आले. मद्रासमध्ये एडगर थर्स्टन, मुंबई इलाख्यात आर. ई. एन्थोवेन आणि मध्य प्रांतात रसेल. हे काम नेहमीची सरकारी जबाबदारी सांभाळून करायचे होते. रसेल यांनी पुढची अनेक वर्षे त्यात घातली.

या कामात त्यांना मोलाची साथ मिळाली ती रायबहादूर हिरालाल यांची. हिरालाल (१८६७-१९३४) हे आजच्या कटनीजवळच्या मुडवाऱ्याचे. एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर असलेले हिरालाल शिलालेखांचे आणि स्थानिक बोलींचे जाणकार होते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर रसेल यांचे सहायक म्हणून त्यांचे नाव आहे. विदर्भात आजही या ग्रंथाचा उल्लेख ‘रसेल-हिरालाल’ असा जोडनावानेच होतो, तो त्यामुळे.

देवरी परिसराशी त्यांचा संबंध काय?

देवरी आज गोंदिया जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. रसेल यांच्या काळात हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. आजच्या देवरी तालुक्यातले चिचगड तेव्हा जमीनदारीचे ठिकाण होते. दाट जंगल, गोंड-हलबांची गावे, तलावांवर चालणारी भातशेती आणि पलीकडे छत्तीसगड, असा हा पट्टा.

मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांपैकी अनेकांचे संपादन रसेल यांनीच केले. भंडारा जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर त्यांपैकी एक. जमिनीचा कस, पिके, तलाव, जमीनदाऱ्या, बाजार, जाती-जमाती, नद्या असा सगळा तपशील अशा गॅझेटियरांत असतो. म्हणजे हा जिल्हा रसेल यांच्यासाठी जनगणनेच्या तक्त्यातला केवळ एक आकडा नव्हता. त्याचे वर्णन त्यांच्या टेबलावरून गेलेले होते.

देवरीजवळून वाहणाऱ्या बाघ नदीवर आज सिरपूरचे धरण आहे. ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगेच्या खोऱ्यात, विशेषतः भंडारा-बालाघाट पट्ट्यात, जुन्या खडकांची झीज होऊन काही ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे अगदी बारीक कण येतात. खाण काढावी एवढे हे सोने नसते. पण दिवसभर वाळू धुणाऱ्याच्या हाती काही तरी लागावे, एवढे कधी कधी असते. या ‘काही तरी’वर एका समाजाने आपला धंदा उभा केला. तो समाज म्हणजे सोनझारी.

सोनझारी म्हणजे कोण?

रसेल-हिरालाल ग्रंथाच्या चौथ्या खंडात सोनझारांवर स्वतंत्र लेख आहे. झारा, झोरा अशी नावेही त्यात येतात. नदीची वाळू धुऊन सोने काढणारा छोटा समाज, अशी त्यांची ओळख तिथे दिली आहे. सोने आणि झारणे, म्हणजे चाळून-धुऊन वेगळे करणे, या दोन शब्दांतून हे नाव घडले.

मराठीला हा शब्द परका नाही. सोनाराच्या दुकानातला केर, राख आणि समोरच्या गटारातला गाळ धुऊन त्यातला सोन्या-चांदीचा कीस काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. मोठ्या शहरांच्या सराफा बाजारांत पहाटे गटारातला गाळ घमेल्यात भरून नेणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. नदीतल्या सोन्यावर पोट भरेनासे झाले, तसे अनेक सोनझारी कुटुंबांनीही हाच मार्ग धरला.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. झारेकरी हे धंद्याचे नाव आहे. तो धंदा करणारे वेगवेगळ्या समाजांचे असू शकतात. ‘सोनझारी झारेका’ हे मात्र महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली आलेले नाव आहे. धंदा आणि जमात यांतला हा फरक पुढे किती महाग पडतो, ते शेवटच्या भागात पाहू.

त्यांचे तंत्र कसे चालते?

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट असते. साध्या वाळूची, म्हणजे गारगोटीच्या कणांची, सुमारे २.६५ पट. हवेत तोलले तर समान आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा सातपट जड भरतो. पाण्यात दोघांचेही वजन हलके होते, पण वाळूचे प्रमाणाने अधिक. त्यामुळे पाण्याखाली हा फरक सुमारे अकरापट होतो. सोने पाण्यातच का धुतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

सोनझारी आधी जागा निवडतो. नदीच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाची पाठ, खडकातली भेग, झाडाच्या मुळांचे जाळे, अशा ठिकाणी पाण्याचा वेग मंदावतो आणि जड कण खाली बसतात. तिथली वाळू उकरून ती उतरत्या लाकडी पन्हळीवर टाकायची आणि वरून पाणी सोडायचे. हलकी माती वाहून जाते. उरलेला जड अंश काथवटीसारख्या उथळ लाकडी पात्रात घेऊन पाण्यात गोल फिरवायचा. प्रत्येक फेऱ्यात थोडी वाळू काठावरून बाहेर पडते. शेवटी तळाला काळी रेती उरते. ती लोहयुक्त असल्याने वाळूपेक्षा जड, पण सोन्यापेक्षा बरीच हलकी असते. त्या काळ्या रेतीच्या कडेला पिवळे ठिपके दिसले तर दिवस कारणी लागला.

या कामात यंत्र नाही, पण ज्ञान आहे. पाणी कुठे थबकते, पूर ओसरल्यावर कोणती जागा नव्याने भरते, मागच्या वर्षी कुठे काय मिळाले, हे सगळे डोक्यात असते. ही माहिती एका पिढीकडून दुसरीकडे कामातूनच जाते, कागदावर नाही.

सक्शन ड्रेज त्याहून वेगळा कसा?

तत्त्व तेच, ताकद मात्र इंजिनाची. विदर्भातल्या वाचकाला ‘सक्शन पंप’ हा शब्द अवैध वाळू उपशाच्या बातम्यांतून पुरेसा ओळखीचा आहे. बोटीवर इंजिन, पाण्यात सोडलेली जाड नळी आणि काठावर पडणारी वाळूची धार. सोने किंवा हरवलेला धातू शोधण्यासाठी वापरला जाणारा सक्शन ड्रेज हा त्याचाच लहान आणि अधिक नाजूक भाऊबंद.

अशा ड्रेजमध्ये पंप वाळू थेट ओढत नाही. पंप स्वच्छ पाणी दाबाने एका तोटीतून मोठ्या नळीत सोडतो. हा वेगवान झोत पुढे जाताना मागे कमी दाबाची जागा तयार होते. त्या ओढीने नळीच्या तोंडाशी असलेली वाळू, खडे आणि धातूचे तुकडे आत खेचले जातात. वाळू पंपाच्या पात्यांतून जात नसल्याने पाती झिजत नाहीत आणि नळीत आलेली अंगठी किंवा नाणेही चिरडले जात नाही. वर आलेला गाळ आडव्या पट्ट्या ठोकलेल्या पन्हळीवर पडतो. प्रत्येक पट्टीमागे पाण्याचा भोवरा होतो, हलके कण पुढे जातात आणि जड धातू पट्टीमागे अडकतो. म्हणजे सोनझारीची पन्हळच, फक्त तासाला कितीतरी अधिक वाळू धुणारी.

समुद्रात किंवा खोल तलावात दुसरी पद्धत वापरतात. तिला एअरलिफ्ट म्हणतात. उभ्या नळीच्या तळाशी दाबाखालची हवा सोडतात. बुडबुडे वर चढताना फुगतात, नळीतले पाणी हलके होते आणि खालून गाळासह पाणी वर ओढले जाते. यासाठी पुरेशी खोली लागते. गुडघाभर पाण्याच्या नदीत एअरलिफ्टचा उपयोग नाही. तिथे झोताचा ड्रेजच चालतो.

मेटल डिटेक्टरची भूमिका वेगळी. त्याच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. धातू असेल तर त्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत सापडते. त्यापुढे संकेत झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे पाणबुडा आधी डिटेक्टर फिरवतो, ड्रेजने वरचा थर काढतो, पुन्हा डिटेक्टर फिरवतो, पुन्हा थर काढतो. सोन्याच्या अंगठीचा आणि बाटलीच्या बुचाचा संकेत सारखाच येऊ शकतो. खाऱ्या पाण्यात आणि काळ्या रेतीत यंत्र हमखास गोंधळते.

मग तो सरसकट का वापरत नाहीत?

पहिले कारण धोका. नळीने खड्डा खोल होतो आणि कडेचा गाळ किंवा मोठा दगड पाणबुड्यावर कोसळू शकतो. इंजिनाचा धूर हवेच्या नळीत शिरला तर विषबाधा होते. दुसरे कारण नदी. तळातल्या खड्यांत माशांची अंडी, कीटकांच्या अळ्या आणि शिंपले असतात. ड्रेज त्यांनाही खेचतो. गढूळ पाणी खाली दूरवर जाते. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकातल्या सोन्याच्या धावपळीत नद्यांत पारा उतरला होता. ड्रेजने तो पुन्हा पाण्यात मिसळू लागला. तिथे २००९ मध्ये कायद्याने सक्शन ड्रेजवर बंदी घातली गेली आणि २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

तिसरे कारण कायदा. महाराष्ट्रात नदीतली वाळू सरकारची. परवान्याशिवाय उपसा केला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि यंत्रसामग्री जप्त होते. सापडलेली वस्तूही आपोआप सापडणाऱ्याची होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर तो काय आहे, किती आहे आणि कुठे मिळाला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो.

या जुन्या कायद्यातला एक शब्द महत्त्वाचा आहे : कुठे. ठेवा किती किमतीचा, एवढेच सरकार विचारत नाही. तो कोणत्या जागी मिळाला, हेही विचारते. त्याचे कारण कळायला रसेल यांच्या जहाजाकडे वळावे लागेल.

‘पर्शिया’ जहाजाचे काय झाले?

एसएस पर्शिया हे पी अँड ओ कंपनीचे प्रवासी जहाज १९०० मध्ये बांधले गेले. डिसेंबर १९१५ मध्ये ते लंडनहून मुंबईकडे निघाले. पहिले महायुद्ध सुरू होऊन सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटला होता. ३० डिसेंबर १९१५ रोजी दुपारी, प्रवासी जेवायला बसले असताना, क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मनीच्या यू-३८ या पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. पाणबुडीचा कप्तान होता माक्स व्हालेन्टिनर. आधी इशारा दिला गेला नाही. जहाज काही मिनिटांत बुडाले. मोजक्याच बोटी पाण्यात उतरू शकल्या. पाचशेहून अधिक लोकांपैकी तीनशेहून अधिक जण मरण पावले.

त्यात रसेल होते. वय ४२. मुंबईतल्या इंग्रजी दैनिकाच्या बेनेट, कोलमन कंपनीतले एफ. एम. कोलमन हेही त्याच जहाजावर गेले. रोल्स-रॉइस मोटारीच्या बॉनेटवरच्या पुतळीसाठी जिचा चेहरा घेतला, असे मानले जाते, ती एलिनॉर थॉर्नटनही वाचली नाही.

रसेल यांच्या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष १९१६ आहे. मध्य प्रांतातील जमाती आणि जाती या विषयावरचे चार खंड लंडनच्या मॅकमिलन कंपनीने काढले, तेव्हा लेखक हयात नव्हता. जनगणनेपासून सुरू झालेले दशकभराहून अधिक काळाचे काम छापून लोकांपुढे आले. ज्याने ते केले तो माणूस समुद्राच्या तळाशी राहिला.

समुद्रतळातून काय वर आले?

कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंग याच जहाजाने प्रवास करत होते. ते मार्सेय बंदरात उतरले, त्यांचा मौल्यवान ऐवज मात्र जहाजावर राहिला. त्यामुळे ‘पर्शिया’ हे नाव खजिना शोधणाऱ्यांच्या यादीत कायम राहिले. या शतकाच्या सुरुवातीला जहाजाचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये ब्रिटिश पथकाने वस्तू वर काढण्याची मोहीम केली. खोली होती सुमारे तीन किलोमीटर. तिथे पाण्याचा दाब जमिनीवरील हवेच्या दाबाच्या तीनशे पट होतो. पाणबुडा तिथे जाऊच शकत नाही. दोरखंडाच्या टोकाला लावलेली आणि वरून चालवलेली यंत्रे तेवढी खाली गेली. काही रत्ने आणि जहाजावरच्या वस्तू हाती लागल्या. त्यांपैकी काही इंग्लंडमध्ये बकलर्स हार्ड येथील संग्रहालयात ठेवल्या आहेत.

वस्तू आणि नोंद यांत फरक काय?

पाण्याखालून वस्तू वर आणणे हे काम अर्धेच असते, हे विसाव्या शतकात संशोधक अनुभवाने शिकले. फ्रान्समध्ये मार्सेयजवळ ग्रां काँग्लुए येथे १९५२ पासून जाक कुस्तो यांच्या पथकाने प्राचीन जहाजावर काम केले. एअरलिफ्टने गाळ ओढून शेकडो कुंभ वर काढले. सुरुवातीला हे एकच जहाज मानले गेले. पुढच्या संशोधकांच्या लक्षात आले की तिथे एकावर एक अशी दोन जहाजे होती आणि त्यांच्यात सुमारे शतकभराचे अंतर होते. कुंभ मिळाले होते. कोणता कुंभ कोणत्या थरात होता, याची पुरेशी नोंद नव्हती. नळीने ती जागा उपसून टाकली होती आणि उपसलेला थर पुन्हा बसवता येत नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर केप गेलिडोनिया येथे जॉर्ज बास या पुरातत्त्वज्ञाने स्वतः पाण्यात उतरून जमिनीवरच्या उत्खननाची शिस्त समुद्रतळावर नेली. चौकटी आखायच्या, प्रत्येक वस्तूची जागा मोजायची, मगच ती उचलायची. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने द्वारकेला आणि गोव्याजवळच्या सुंची खडकावर बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांवर याच शिस्तीने काम केले. सुंची खडकावर तोफेची नळी, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. या सगळ्या वस्तू एकाच जागी मिळाल्याची नोंद असल्याने त्या एका प्रवासाची कहाणी सांगतात. सुट्या मिळाल्या असत्या तर त्या बाजारातल्या जुन्या वस्तूच ठरल्या असत्या.

अशा कामात ओढणारी नळी वस्तू उचलायला वापरत नाहीत. पाणबुडा हाताने गाळ सैल करतो आणि नळी तो गढूळपणा बाजूला नेते. वस्तू जागच्या जागी राहते, मोजली जाते, नंतर हाताने उचलली जाते. यंत्र तेच; फरक नोंदीचा.

रसेल यांची नोंद आज कुठे लागते?

देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती, अशा अनेक योजनांचे दार तिथून उघडते. पण शिक्षणातला राखीव प्रवेश, नोकरी किंवा राखीव जागेवरची निवडणूक यासाठी नुसता दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी महाराष्ट्रात २००० सालचा कायदा आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची. त्याआधीचे पुरावे, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे जुने कागद, यांना सर्वाधिक वजन असते.

त्याच्या जोडीला समिती समाजाची लक्षणे तपासते : चालीरीती, देवक, कुळे, विवाहपद्धती, परंपरागत धंदा. ही लक्षणे ताडून पाहायला जे जुने ग्रंथ घेतले जातात, त्यांत रसेल-हिरालाल यांचे खंड अग्रभागी असतात. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये निकाल दिला की यादीतले नाव जसे आहे तसेच वाचायचे. त्यात समानार्थी नावे घालण्याचा अधिकार न्यायालयांना नाही. गोवारी समाजाच्या प्रकरणात, ज्या मागणीसाठीच्या नागपुरातील मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ११४ जणांचा चेंगराचेंगरीत जीव गेला, डिसेंबर २०२० च्या निकालात गोवारी आणि यादीतले गोंड-गोवारी वेगळे मानले गेले. या प्रकरणाच्या न्यायालयीन चर्चेत रसेल-हिरालाल यांच्या नोंदी आल्या.

भंडारा-गोंदिया पट्ट्यासाठी आणखी एक अडचण होती. विदर्भात गोंड आणि त्याखालील जमातींना अनुसूचित जमात म्हणून मान्यता होती ती ठरावीक तालुक्यांपुरती : मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. भंडारा जिल्हा त्यात नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने हे क्षेत्रबंधन उठले. त्याआधी या भागात एखाद्याने स्वतःला गोंड किंवा सोनझारी लिहवले तरी सवलत मिळत नसे. त्यामुळे जुन्या कागदांत जमातीऐवजी धंद्याचे नाव लिहिले जाणे अस्वाभाविक नव्हते.

इथे झारेकरी आणि सोनझारी यांतला फरक महाग पडू शकतो. आजोबांच्या नोंदीत धंदा लिहिला असेल आणि जमात नसेल, तर नातवाला दोन्हींचा संबंध सिद्ध करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले सोनझारांवरचे लिखाण तेव्हा कामी येते; कधी बाजूने, कधी विरोधात.

या नोंदीवर किती विसंबायचे?

रसेल यांचे काम मोठे होते, पण ते प्रशासकाचे काम होते. तहसीलदार, शाळामास्तर, गावातले जाणकार यांच्याकडून आलेल्या टिपणांवर त्यातले अनेक लेख बेतले आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते वाचून दुरुस्त करण्याची संधी नव्हती. काही समाजांचे वर्णन त्या काळच्या पूर्वग्रहांनी डागाळलेले आहे. काही जमातींना सरसकट गुन्हेगार मानण्याचा तेव्हाचा दृष्टिकोनही त्यात डोकावतो. नावांचे इंग्रजी लेखन अनेकदा उच्चाराला सोडून आहे. आणि ग्रंथ १९१६ चा आहे. समाज त्यानंतर थांबलेला नाही. सोनझारी आज वाळू धूत नसेल, गटारातला गाळही उपसत नसेल, मुलगा पुण्याला नोकरी शोधत असेल. लक्षणे जुळत नाहीत म्हणून तो सोनझारी नाही, असे म्हणता येत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की लक्षणे जुळवण्याची कसोटी अंतिम मानता येणार नाही. कागदोपत्री पुराव्याला तिच्यापुढे महत्त्व आहे.

म्हणून रसेल यांच्याकडे पाहण्याचा मार्ग पुरातत्त्वज्ञाच्या शिस्तीतून जातो. त्यांच्या ग्रंथातली ओळ संदर्भातून उपसून काढली तर तिचा अर्थ हवा तसा लावता येतो. ती कोणाच्या टिपणातून आली, कोणत्या जिल्ह्याबद्दल आहे आणि तेव्हा तिथली परिस्थिती काय होती, हे सोबत ठेवले तरच ती पुरावा म्हणून उभी राहते.

बाघ नदीत कोणी उद्या डिटेक्टर आणि नळी घेऊन उतरला तर त्याला परवाना लागेल, सापडलेल्या वस्तूची जागा सांगावी लागेल आणि त्यातून मिळणारे सोने बहुधा डिझेलचाही खर्च भरून काढणार नाही. देवरी परिसरातल्या सोनझारी कुटुंबाची गरज वेगळी आहे. कोतवाल बुकाची पाने झिजण्याआधी त्यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवणे, शाळेच्या जुन्या रजिस्टरातली नोंद नीट तपासणे, घरातल्या वृद्धांना ठाऊक असलेली कुळे, देवक आणि नदीवरच्या जागा आपल्या शब्दांत लिहून ठेवणे, हे काम आज करण्याजोगे आहे. १९१६ मध्ये ती नोंद दुसऱ्याने केली होती. आता ती त्यांना स्वतः करता येईल.